तारीख उलटलेली कार्ट्रिज आणि शाई: नागपुरातील एका शाळेच्या कार्यालयाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण नागपूरच्या महाल भागातील एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात 2023 च्या उन्हाळ्यात घडले. शाळेचे किंवा संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. मी त्या वेळी तेथे संगणक शिकवत होतो. कार्यालयातील यंत्रांची देखभाल माझ्याकडे कोणी लेखी सोपवलेली नव्हती; पण प्रिंटर अडला की हाक मलाच येई, त्यामुळे या प्रकरणातील बरेचसे निर्णय माझ्या सल्ल्याने झाले आणि त्यांतला एक चुकीचाही ठरला.

कार्यालयात तीन प्रकारची यंत्रे होती. पहिला प्रकार म्हणजे एकाच बनावटीचे दोन लेझर प्रिंटर. त्यांच्या कार्ट्रिजमध्ये टोनरची भुकटी आणि ड्रम (ज्यावर पानाची प्रतिमा उमटून कागदावर जाते तो रूळ) एकाच कवचात असतात, म्हणजे कार्ट्रिज बदलली की ड्रमही बदलतो. दुसरा रंगीत प्रिंटर शाईच्या टाकीचा होता, ज्यात बाटलीतून शाई ओततात आणि शाई उडवणारे हेड कायमचे यंत्रातच बसवलेले असते. तिसरा एक जुना लहान रंगीत प्रिंटर होता. त्याच्या कार्ट्रिजलाच हेड जोडलेले असते, त्यामुळे नवी कार्ट्रिज घातली की हेडही नवे मिळते. पुढे जे काही घडले ते या तीन रचनांतील फरकामुळे घडले. आमच्या सुरुवातीच्या चर्चेत मात्र हा फरक कोणीच बोलून दाखवला नव्हता, मीसुद्धा नाही.

मार्च 2020 च्या पहिल्या आठवड्यात शाळेने वेतनेतर अनुदानातील शिल्लक रक्कम वर्षअखेरीपूर्वी खर्ची घालण्यासाठी टोनर आणि शाईची एकगठ्ठा खरेदी केली. अनुदानित शाळांत मार्चअखेर अशी खरेदी होणे नवे नाही. पण त्याच महिन्याच्या मध्यात करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि पुढची दोन वर्षे छपाई जवळजवळ थांबली. माल वरच्या मजल्यावरील टिनाच्या छताच्या खोलीत एका लोखंडी कपाटात राहिला आणि ज्यांनी तो ठेवला ते लिपिक दरम्यान सेवानिवृत्त झाले.

मे 2023 मध्ये रंगरंगोटीसाठी ती खोली रिकामी करताना कपाट उघडले. लेझर प्रिंटरच्या अकरा कार्ट्रिज निघाल्या, त्यांपैकी सात मूळ कंपनीच्या आणि चार दुसऱ्या बनावटीच्या. शाईच्या सहा बाटल्या होत्या, त्यांतल्या चार सीलबंद आणि दोन अर्धवट वापरलेल्या. जुन्या लहान प्रिंटरच्या तीन कार्ट्रिजही होत्या. बाटल्यांवरची वापराची अंतिम तारीख 2022 मधली होती. टोनरच्या काही खोक्यांवर फक्त निर्मितीचा महिना होता, तर काहींवर 2022 मध्येच संपलेली अंतिम तारीख. नागपूरचा मे ज्याने काढला आहे त्याला टिनाखालच्या खोलीतले तीन उन्हाळे म्हणजे काय हे सांगायला नको. येथे पारा 45 अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नसते आणि छतालगतच्या कप्प्यात त्याहून अधिक उष्णता कोंडून राहते.

अडचण

वेळ नेमकी गर्दीची होती. दहावीचा निकाल जूनच्या सुरुवातीला लागणार होता आणि त्यानंतर अकरावीच्या केंद्रीय प्रवेशासाठी शाळा सोडल्याचे दाखले दीडशेच्या वर विद्यार्थ्यांना थोड्याच दिवसांत द्यायचे होते. विदर्भात शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे नव्या प्रवेशांचे अर्ज, वर्गयाद्या आणि ओळखपत्रे ही कामेही त्याच पंधरवड्यात येऊन पडतात. लेझर प्रिंटरमधली चालू कार्ट्रिज संपत आली होती आणि वेतनेतर अनुदानाचा त्या वर्षीचा हप्ता आलेला नव्हता.

मुख्याध्यापिका मॅडमपुढे दोन भीती होत्या. साठा नोंदवहीत अकरा कार्ट्रिज शिल्लक दिसत असताना नवी खरेदी केली, तर लेखापरीक्षणात आक्षेप निघणार. जुना माल वापरून यंत्र बिघडले, तर दुरुस्तीचा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवायचा हा दुसरा प्रश्न. दोन्ही भीती खऱ्या होत्या.

मुख्य लिपिकांचे म्हणणे सरळ होते. "सर, तारीख गेली म्हणजे दूध नासलं काय जी? भुकटीच तर आहे." सीताबर्डीतील ज्या विक्रेत्याकडून माल घेतला होता, त्याने फोनवर याच्या अगदी उलट सांगितले की तारीख उलटलेले सगळे फेकून द्या, नाही तर प्रिंटर जाईल. माल परत घ्यायला अर्थातच तो तयार नव्हता. तीन वर्षांनंतर त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही रास्त नव्हते.

चर्चा सुरू असतानाच मुख्य लिपिकांनी एका दुपारी मूळ कंपनीची एक जुनी कार्ट्रिज घालून पाहिली. छपाई फिकट आली आणि पानाच्या डाव्या अंगाला अक्षरे अर्धवट उमटली. त्यांनी दुसरी कार्ट्रिज फोडली आणि तिचाही निकाल जवळजवळ तसाच आला. संध्याकाळी ते स्वतःच म्हणाले की दुकानदाराचे खरे आहे, माल मेला. मॅडमनी अकराच्या अकरा कार्ट्रिज निर्लेखित करण्याचा, म्हणजे निकामी ठरवून साठ्यातून कमी करण्याचा, प्रस्ताव शाळा समितीपुढे ठेवण्याचे ठरवले.

तारीख काय सांगते आणि काय सांगत नाही

पुढचा निर्णय समजून घेण्यासाठी हा भाग थोडा विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. खोक्यावरची तारीख म्हणजे त्या दिवसानंतर माल निकामी झाला असा निवाडा नव्हे. त्या तारखेपर्यंत, सांगितलेल्या पद्धतीने साठवलेल्या मालाच्या छपाईच्या दर्जाची हमी उत्पादक देतो, एवढाच तिचा अर्थ असतो. या वाक्यातला "सांगितलेल्या पद्धतीने साठवलेल्या" हा तुकडा तारखेइतकाच महत्त्वाचा आहे आणि आपल्याकडे तोच दुर्लक्षित राहतो.

टोनर ही शाई नसून अतिशय बारीक प्लास्टिकची भुकटी असते. तिचे कण साधारण 5 ते 10 मायक्रॉनचे असतात. त्यांत रंगासाठी काजळी, वितळण्यास मदत करणारे मेण आणि विद्युतभार धरून ठेवणारी द्रव्ये मिसळलेली असतात, तर कणांवर सिलिकाचा पातळ थर दिलेला असतो, ज्यामुळे भुकटी वाहती राहते. या भुकटीत सुकण्यासारखे काही नसते, म्हणून बंद पिशवीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेला टोनर तारखेनंतरही बऱ्याचदा उत्तम चालतो. त्याचे शत्रू दोन, उष्णता आणि दमट हवा. कागदावर टोनर चिकटवणारा फ्यूझर 180 ते 200 अंशांच्या आसपास तापतो, पण भुकटी त्याच्या कितीतरी आधी, साठ अंशांच्या आगेमागे, मऊ पडू लागते. त्याहून कमी उष्णतेतही दीर्घकाळ राहिली तर सिलिका कणांत रुतत जाते, कण एकमेकांना धरतात आणि गुठळ्या होतात. शिवाय ड्रमला प्रकाश सोसत नाही. काळी पिशवी फाटून कार्ट्रिज उजेडात राहिली, तर भुकटी चांगली असूनही ड्रम खराब होतो.

शाईचे गणित याहून वेगळे आहे. प्रिंटरची शाई मुख्यतः पाणी असते. बूच घट्ट असले तरी वर्षानुवर्षांत त्यातले पाणी कणाकणाने उडते, शाई दाटते, आणि रंगकणांची शाई असेल तर कण तळाशी बसतात. ही शाई ज्या छिद्रांतून उडते ती केसापेक्षाही बारीक असतात. तेथे दाट शाई अडकली की नोझल बंद होते आणि हेड यंत्रातच बसवलेले असेल, तर अडकते ते यंत्रच. उघडलेली शाई साधारण सहा महिन्यांत संपवा, असे एप्सन आणि कॅनन या कंपन्या सांगतात ते याच कारणाने.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सगळे निर्लेखित करून नवे घेण्याचा होता. त्यात यंत्राला धोका नव्हता, पण मूळ कंपनीच्या एका कार्ट्रिजला शाळेने 3,500 रुपये मोजले होते आणि हातात पैसा नव्हता. दुसरा पर्याय मुख्य लिपिकांचा होता: असेल ते घालत जावे, चालेल ते चालेल. तिसरा पर्याय छपाई बाहेरून करून घेण्याचा होता. शाळेसमोरच झेरॉक्सची दोन दुकाने आहेत. पण दाखल्यांवर विद्यार्थ्यांची जन्मतारीख, जात आणि आईचे नाव असते. अशी माहिती पेनड्राइव्हवर घालून दुकानातल्या संगणकावर उघडणे मला मान्य नव्हते आणि मॅडमनीही ते एका वाक्यात नाकारले.

चौथा पर्याय मी मांडला. सगळा माल एका मापाने न मोजता प्रत्येक वस्तू वेगळी तपासावी, त्यासाठी दोन दिवस द्यावेत आणि तोवर निर्लेखनाचा प्रस्ताव थांबवावा. मॅडमनी तो स्वीकारला. दोन दिवसच द्यायचे, ही अट मात्र त्यांची होती.

पहिला निर्णय: दोष कार्ट्रिजचा की कागदाचा

मला खटकत होते ते असे की दोन वेगळ्या कार्ट्रिजमध्ये अगदी एकसारखा दोष दिसत होता. माल जुना होऊन बिघडला असता, तर प्रत्येकीचा बिघाड थोडा वेगळा असायला हवा होता. दोघींत समान होते ते यंत्र, खोली आणि कागद.

कार्यालयाच्या खिडकीत कूलर बसवलेला आहे. नागपुरात त्याशिवाय एप्रिल-मे काढता येत नाही, त्यात कोणाची चूक नाही. पण कूलर हवा गार करतो तो तिच्यात पाणी मिसळून, आणि त्या कूलरचा झोत थेट ज्या टेबलावर पडत होता त्यावर प्रिंटर होता. शेजारीच उघडी कागदाची रीम होती. मी त्या रिमीतले वरचे पान उचलले तर ते हातात कडक न राहता ओघळले आणि त्याच्या कडा किंचित वळलेल्या दिसल्या. लेझर छपाईत टोनर कागदावर ओढला जातो तो कागदाने धरलेल्या विद्युतभारामुळे. ओल्या कागदात हा भार टिकत नाही, म्हणून भुकटी नीट उतरत नाही. उतरली तरी फ्यूझरची बरीच उष्णता कागदातले पाणी उडवण्यात जाते आणि अक्षर कच्चे चिकटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, कूलर सुरू होण्यापूर्वी, मी न फोडलेल्या रिमीचे वेष्टन काढले. मुख्य लिपिकांनी मेली म्हणून बाजूला ठेवलेली पहिली कार्ट्रिज घेतली आणि ती आडवी धरून डावीकडे-उजवीकडे सात-आठ वेळा हळू हलवली, कारण तीन वर्षे एका कुशीवर पडून राहिलेली भुकटी एका बाजूला बसते. मग तेच पान पुन्हा छापले. अक्षरे काळीभोर आली आणि डावे अंग पूर्ण भरले. तीच कार्ट्रिज, त्याच यंत्रात, जुन्या रिमीतल्या पानावर छापली तर पुन्हा फिकट. दोन्ही पाने शेजारी ठेवून मी मुख्य लिपिकांना बोलावले. त्यांनी ती पाने बराच वेळ खिडकीशी धरून पाहिली आणि न बोलता प्रिंटरचे टेबल कूलरसमोरून ओढायला सुरुवात केली.

या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा टप्पा हाच आहे. खोक्यावर उलटलेली तारीख डोळ्यांसमोर असली की प्रत्येक दोषाचे खापर तिच्यावर फुटते आणि बाकीची कारणे तपासायची राहून जातात. निर्लेखनाचा प्रस्ताव एक दिवस आधी समितीपुढे गेला असता, तर चांगल्या कार्ट्रिज कचऱ्यात गेल्या असत्या आणि नव्या आणलेल्या त्याच ओल्या कागदावर तशाच फिकट छापल्या असत्या.

दुसरा निर्णय: टोनर एकेक करून तपासणे

उरलेल्या नऊ कार्ट्रिज आम्ही अंगणातल्या सावलीत, तोंडावर मास्क लावून, जुन्या वर्तमानपत्रावर मांडल्या. आधी पिशवी पाहायची: शाबूत, फुगलेली की फाटलेली. मग कार्ट्रिज आडवी धरून कानाशी हलवायची. चांगल्या भुकटीचा आवाज मऊ, वाळूसारखा सरकता येतो. गुठळ्या असतील तर आत काहीतरी आपटल्यासारखे होते. त्यानंतर ड्रमचे झाकण क्षणभर उघडून पृष्ठभागावर चरा किंवा डाग आहे का ते पाहून लगेच बंद करायचे. शेवटी सील ओढून यंत्रात घालायची आणि वीस पाने काढायची, कारण नव्या घातलेल्या कार्ट्रिजची पहिली दोन-तीन पाने फसवी असू शकतात.

मूळ कंपनीच्या एका कार्ट्रिजची पिशवी कोपऱ्यात उंदराने कुरतडलेली होती आणि ती सर्वांत वरच्या कप्प्यात, टिनाला लागून होती. ती हलवताच आत ठोकळा आपटल्यासारखा आवाज आला. यंत्रात न घालताच आम्ही ती बाजूला काढली, आणि ते योग्य झाले, कारण परत पिशवीत ठेवताना तिच्या कडेतून भुकटी गळू लागली. अशी सांडलेली भुकटी घरगुती व्हॅक्यूमने ओढू नये, ती गाळणीतून निसटून खोलीभर होते. गरम पाण्यानेही पुसू नये, कारण उष्णतेने ती चिकटते. कोरड्या फडक्याने गोळा करून मग थंड पाण्याने पुसावी. दुसऱ्या बनावटीच्या चारपैकी दोन चांगल्या निघाल्या. तिसरीच्या पानावर पार्श्वभूमीला करडी झाक येत होती, अक्षर मात्र वाचता येत होते. चौथीला पिशवीच नव्हती. तिच्या ड्रमवर उजेडाचा पट्टा बसला होता आणि प्रत्येक पानावर ठराविक अंतराने तोच डाग उमटत होता.

हिशेब असा झाला: आठ चांगल्या, एक कच्च्या कामापुरती, दोन बाद.

दाखल्यांसाठी आम्ही आणखी एक चाळणी लावली. शाळा सोडल्याचा दाखला माणूस आयुष्यभर जपतो. पुढे नोकरीत, जात पडताळणीत, निवृत्तिवेतनाच्या कागदांत तो लागतो आणि दाखलखारीज रजिस्टरवरून त्याची दुसरी प्रत मागायला पन्नास वर्षांपूर्वीचे विद्यार्थीही येतात. म्हणून प्रत्येक चांगल्या कार्ट्रिजचे एक पान अक्षरांवरून दुमडून, घडीवर अंगठ्याने जोराने चोळून पाहिले. जिची काळी भुकटी बोटाला लागली नाही, तीच दाखल्यांना वापरायची असे ठरले. आठही कार्ट्रिज या परीक्षेत उतरल्या, पण फक्त वेष्टनातून ताज्या काढलेल्या कागदावर. ओल्या रिमीतल्या पानावर मात्र "जन्मतारीख" या शब्दातला "ज" घडीवर अर्धा सुटून आला. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

तिसरा निर्णय: शाई, आणि झालेली चूक

टोनरच्या यशाने माझा विश्वास वाढला, आणि तोच नको तेथे नेऊन बसवला. नव्या विद्यार्थ्यांची रंगीत ओळखपत्रे छापायची होती आणि टाकीच्या प्रिंटरमध्ये काळी व मॅजेंटा शाई तळाला गेली होती. अर्धवट बाटल्या मी वापरल्या नाहीत. सीलबंद मात्र आहेत, एक वर्षच उलटले आहे, असे म्हणून या दोन रंगांच्या सीलबंद बाटल्या ओतल्या. काळी बाटली रिकामी झाल्यावर सहज उजेडाकडे धरली तर तळाशी काजळासारखा दाट थर चिकटलेला दिसला. आमच्या यंत्रात काळी शाई रंगकणांची आहे. कण खाली बसले होते आणि त्यांतले काही शाईबरोबर टाकीत गेले होते. हे दिसले तेव्हा उशीर झाला होता, कारण टाकीत ओतलेली शाई सहजासहजी परत काढता येत नाही.

पहिले चार दिवस छपाई नीट आली. पाचव्या दिवशी नोझल तपासणीच्या नमुन्यात काळ्या रेषा तुटक दिसू लागल्या आणि दोन दिवसांनी मॅजेंटाच्याही. मी हेड स्वच्छ करण्याची आज्ञा दिली, थोडे सुधारले, पुन्हा दिली, फरक नाही, तिसऱ्यांदा दिली. येथे मी थांबायला हवे होते. हेड स्वच्छ करताना यंत्र शाई ओढून आतल्या शोषक गादीत टाकते, त्यामुळे प्रत्येक खेपेला नळ्यांतून तीच दाट शाई हेडकडे आणखी ओढली जात होती. म्हणजे अडथळा काढण्याच्या नावाखाली मी तो वाढवत होतो. शेवटी दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने टाकी आणि नळ्या धुऊन काढल्या, पण काळ्या शाईचे हेड वाचले नाही. नवे हेड आणि मजुरी मिळून 5,650 रुपये लागले. यंत्राची हमी आधीच संपलेली होती. चालू असती तरी तारीख उलटलेल्या शाईने झालेले नुकसान हमीत बसवणे कठीण गेले असते. ओळखपत्रे तीन आठवडे उशिरा मिळाली आणि तोवर पाचवीतल्या मुलांना कागदावर शिक्का मारलेल्या तात्पुरत्या चिठ्ठ्या द्याव्या लागल्या.

जुन्या लहान प्रिंटरच्या तीन कार्ट्रिजचा अनुभव याच्या उलट होता. त्यांचे हेड त्यांच्याच अंगाला असल्याने त्या बिघडल्या तरी यंत्राचे काही बिघडणार नव्हते. कोमट पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर त्यांचे तोंड काही सेकंद टेकवून ठेवले. दोघींच्या रंगांचे पट्टे फडक्यावर स्वच्छ उमटले, तिसरी कोरडीच राहिली. त्या दोन सूचनाफलकांच्या कामी आल्या.

परिणाम

आठ कार्ट्रिजवर शाळेचे लेझर छपाईचे काम पुढच्या मार्चपर्यंत चालले. दाखले वेळेत गेले आणि छपाईच्या कारणाने एकही परत आला नाही. वापरलेल्या मालाची खरेदी किंमत 22,400 रुपये होते. हेडवर गेलेले 5,650 रुपये त्यातून वजा केले, तर बचतीचा जवळजवळ चौथा हिस्सा माझ्या एका निर्णयाने गेला. नवीन शाई घ्यायला लागली असती ती दोन बाटल्यांची, म्हणजे काही शे रुपयांची, आणि तेवढ्यासाठी मी ती जोखीम घेतली होती.

लेखापरीक्षणासाठी मॅडमनी प्रत्येक वस्तूची तपासणी, निकाल आणि तारीख लिहिलेले एक पान साठा नोंदवहीला जोडले. निर्लेखन फक्त बाद वस्तूंचे झाले आणि त्याचा ठराव दोन ओळींत मंजूर झाला. वेगवेगळ्या तपासणीचा हा लाभ मी सुरुवातीला धरलाच नव्हता: "तारीख गेली" या एका शेऱ्यापेक्षा "पिशवी फाटलेली, गुठळ्या, गळती" हा शेरा कोणालाही पटतो.

आज वेगळे काय केले असते

मूळ चूक 2020 मधली खरेदी म्हणता येईल, पण ज्यांनी ती केली त्यांना पुढचा आठवडा दिसणे शक्य नव्हते. साठवण मात्र आपल्या हातात होती. तळमजल्यावरच्या दाखलखारीज रजिस्टरांच्या खोलीत भिंती जाड आहेत आणि उन्हाळ्यातही ती गार असते. तेथे एक कप्पा मोकळा करणे कधीही शक्य होते.

माझ्या निर्णयांबाबत सांगायचे तर मी तीनही वस्तूंना एकच प्रश्न आधी विचारायला हवा होता: ही वस्तू खराब निघाली तर मला ती यंत्रातून परत काढता येईल का? टोनरची कार्ट्रिज खराब निघाली तर काढून ठेवता येते, फार तर आतला भाग पुसावा लागतो. हेड जोडलेली शाईची कार्ट्रिजही तशीच. टाकीत ओतलेली शाई मात्र नळ्यांतून हेडपर्यंत जाते आणि चूक कळते ती आठवड्याने. जेथे चाचणीची चूक मागे घेता येते तेथे जुना माल निःसंकोच तपासावा, जेथे येत नाही तेथे तारीख पाळावी, एवढे जरी मी त्या दिवशी मनाशी म्हटले असते, तरी त्या दोन बाटल्या उघडल्या नसत्या. निदान बाटली ओतण्यापूर्वी टिपकागदावर एक थेंब टाकून, ती उलटी धरून तळ पाहायला हवा होता.

काही छपाईयंत्रांत कार्ट्रिजवरची चिपच तारीख तपासते आणि मुदत संपलेली कार्ट्रिज नाकारते. आमच्या यंत्रांत ती सोय नव्हती. ज्यांच्याकडे आहे त्यांनी साठा घेण्यापूर्वीच हे माहीत करून घेतलेले बरे.

दोन दिवसांची मुदतही मला आता कमी वाटते. कागद ओला आहे हे पहिल्या सकाळी कळले म्हणून ती पुरली. तसे कळले नसते, तर उरलेल्या नऊ कार्ट्रिजही आम्ही त्याच रिमीवर तपासून बाद केल्या असत्या.

सध्याची व्यवस्था

खरेदी आता सहा महिन्यांच्या गरजेपुरतीच होते आणि नोंदवहीत दोन रकाने वाढले आहेत, एक खोक्यावरच्या तारखेचा आणि एक पिशवी उघडल्याच्या तारखेचा. आधी आलेले आधी वापरायचे हा नियम मुख्य लिपिक स्वतः पाहतात. प्रिंटरचे टेबल कूलरच्या झोतापासून दूर, आतल्या भिंतीला लागून आहे आणि उघडलेली रीम प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात राहते. पावसाळ्यातही तोच डबा उपयोगी पडतो.

बाद कार्ट्रिज भंगारवाल्याला दिलेल्या नाहीत. 2022 च्या ई-कचरा नियमांत प्रिंटर कार्ट्रिजसह ई-कचऱ्यात मोडतात आणि ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवेत. कॉलनीत फिरणारा भंगारवाला त्या फोडतो तेव्हा उरलेली भुकटी त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या श्वासात जाते. दोन्ही लेझर कार्ट्रिज, कोरडी पडलेली लहान कार्ट्रिज आणि उरलेल्या चार बाटल्या मॅडमनी एका जाड खोक्यात, चिकटपट्टी लावून, वर वस्तूंची यादी डकवून ठेवल्या. शाळेतल्या जुन्या संगणकांबरोबर ते खोके नोंदणीकृत संस्थेच्या गाडीत गेले आणि त्याची पोच त्याच साठा नोंदवहीत, तपासणीच्या पानामागे लावलेली आहे.